टालकेनरादेचा बुंधा

"टाल म्हणजे दरी. झालं, विषय संपला," सरपंच हिनर्कनं बिअरचा पेला टेबलावर आपटला.

"दरी? आपल्या गावात?" मागच्या बाकावरून गेशे म्हणाली. "माझ्या अंगणात अंडं ठेवलं तरी घरंगळत नाही."

अग्निशमन दलाच्या खोलीत हशा पिकला. आमच्या टालकेनरादे गावाला सातशे वर्षं होत होती आणि मिरवणुकीत पुढे कोण चालणार, यावर बैठक अडली होती. दर उत्सवाला सरदाराचा वेश घेतलेला कोणीतरी घोड्यावरून पुढे निघे. त्या सरदारानंच म्हणे गाव वसवलं. रादे म्हणजे झाडं मुळांसकट उपटून मोकळी केलेली जमीन, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते नावाच्या पहिल्या अर्ध्या भागाचं.

"टालके हे जुनं बाईचं नाव आहे," गेशे म्हणाली. "पाद्रीणबाईसुद्धा म्हणाल्या, असू शकतं."

"असू शकतं!" हिनर्क हसला. "एका बाईनं ओकचं रान उपटलं? अगं, मैदानातला एक बुंधा निघेना आपल्याला!"

ते खरं होतं. वादळात पडलेल्या ओकचा बुंधा नेमका नाचाच्या तंबूच्या जागी उरला होता. तो काढायला आलेलं यंत्रच ओल्या जमिनीत पोटापर्यंत रुतलं होतं.

"मी काढते," गेशे म्हणाली. "निघाला तर पुढे टालके चालेल."

"आणि नाही निघाला तर?"

"तर दरवर्षीसारखी केक कापत बसेन."

गेशे माझी शेजारीण. साठी ओलांडलेली. जंगलात जिथं यंत्रं जात नाहीत, तिथून तोडलेले ओंडके घोडीला जुंपून बाहेर ओढायचे, हे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, क्लासचं, काम. क्लास गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, घोडी विकून टाक, शहरात लेकीकडं जा. ती दुसऱ्या दिवशी घोडी घेऊन जंगलात गेली.

तशीच ती आता फावडं घेऊन मैदानात उतरली. मी गावात टपाल वाटते. सायकल कुंपणाला टेकवून मीही खणायला लागले.

"अगं, तुझी पत्रं?"

"सगळी बिलं आहेत. कोणाला घाई नाही."

संध्याकाळी बागेतलं खुरपं घेऊन हिनर्कची म्हातारी आई, आल्मा, आली. हिनर्क धावत आला. "आई, घरी चल!"

"गप रे. तू जन्मलास तेव्हा मदतीला कोण आलं होतं? सरदार?"

मग बायका येतच राहिल्या. काहींनी नवऱ्यांनाही ओढून आणलं.

शनिवारी सगळं गाव मैदानाभोवती गोळा झालं. गेशेनं बुंध्याला साखळी बांधली, ती कप्पीवरून घेऊन आपल्या घोडीला, हुल्दाला, जुंपली. घोडीनं जोर लावला. साखळी ताठ झाली, खूर चिखलात घसरले. बुंधा जागचा हलला नाही. मागून कोणीतरी शीळ घातली.

"सोड, गेशे," हिनर्क हलक्या आवाजात म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "घोडीला इजा होईल."

गेशेनं हुल्दाच्या मानेवर हात ठेवला, कानाशी काहीतरी बोलली. साखळी सैल करून ती कुऱ्हाडीसकट खड्ड्यात उतरली. पालथी पडून, हात लांबवून तिनं खाली गेलेल्या जाड मुळावर घाव घालायला सुरुवात केली. आम्हाला फक्त तिचे बूट दिसत होते. ती वर आली तेव्हा डोळे सोडून चिखलानं सगळी काळी होती.

"चल, हुल्दा. चल गं माझी बाय!"

घोडीनं मान खाली घातली. जमिनीतून मोठा 'चुळुक' असा आवाज आला. बुंधा कलला, थरथरला आणि मातीची ढेकळं सांडत वर आला.

आम्ही किती ओरडलो! आल्मानं खुरपं हवेत उडवलं. हिनर्क चिखल तुडवत आत आला, टोपी काढून म्हणाला, "सरदाराला निरोप धाडतो. यंदा घरीच बस म्हणावं."

उत्सवात टालके गेशेच होणार होती; तिच्यासाठी आम्ही लांब झगा शिवला होता. तिनं तो उलटसुलट पाहिला. "हे घालून झाड पाडायचं?" ती कामाचे बूट आणि चामड्याचा अंगरखा घालून निघाली, हातात हुल्दाचा लगाम. पाद्रीणबाई शेजारच्या पाहुण्यांना सांगत होत्या, नावाचं खात्रीनं काही सांगता येत नाही. ऐकायला कोणाला वेळ होता! दारादारांतून "टालके! टालके!" चाललं होतं.

तंबूत पहिला नाच टालकेचा ठरला होता. वादकांनी वाद्यं उचलली, पण गेशे कुठं दिसेना. ती तंबूमागे होती. हुल्दाच्या अंगावरचा साज उतरवून ती पेंढ्यानं तिचा घाम पुसत होती. "आधी घोडीचं होऊ दे," म्हणत हिनर्कनं वादकांना हातानं थांबवलं. सगळं गाव गेशेची वाट पाहत उभं राहिलं, आणि तंबूच्या कापडापलीकडून घोडीच्या पाणी पिण्याचा आवाज येत राहिला.