पाडव्याची झडती

निवडणूक जाहीर झाली की आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त आनंद मला होतो. कोण उभं आहे आणि कोण पडणार याच्याशी मला काडीचं देणंघेणं नाही. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि आमच्या घरातलं रिव्हॉल्वर काही महिने बाहेर जातं, एवढंच मला कळतं. लोकसभेच्या तारखा टीव्हीवर सांगितल्या तेव्हा मी उठून शिरा केला. ह्यांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "लोकशाही."

हे म्हणजे माझे यजमान, सतीश. केंद्राच्या अमली पदार्थांच्या खात्यात सगळी नोकरी गेली. आम्ही मूळचे मिरजेचे, पण चित्तोड, कोटा असं करत अफूच्या मुलखात बदल्यांमागून बदल्या झाल्या. शेवटची बदली जयपूरला झाली आणि दुर्गापुऱ्यात घर घेतलं ते घेतलंच. मिरजेला परत जायचं आम्ही अजून बोलतो, आणि आमची लेक मैथिली टोरांटोहून फोनवर हसते.

बाकीच्या बायका संसाराची वर्षं मुलांच्या वाढदिवसांवरून आठवतात, मी ह्यांच्या कमरेवरून आठवते. लग्न होऊन चित्तोडला गेले तेव्हा ह्यांच्या कमरेला अडतीस बोअरचं जुनं रिव्हॉल्वर होतं. बत्त्यासारखं जड, हरवू नये म्हणून खांद्याला दोरीनं बांधलेलं. त्या दोरीचा वळ ह्यांच्या मानेवर असायचा, आणि पांढऱ्या बनियनवर तेलाचे काळे डाग, जे मी लिंबू चोळून काढत बसायची. पुढे कोट्याला नऊ एमएमचं पिस्तूल आलं. ते जरा चपटं, सडसडीत. तेव्हा मैथिलीला स्कूटरवर मागे बसून बाबांना उजवीकडून धरायची बंदी होती. त्या दोन्ही हत्यारांना मी सवत म्हणायची आणि हे खो-खो हसायचे. हो, हसायचे. खोटं कशाला बोलू?

पण त्या सवती निदान घराण्याच्या होत्या. ड्यूटी संपली की सरकारी कोठारात परत जायच्या. खिडकीशी उभं राहायचं, हत्यार खाली करून ठेवायचं, काडतुसं टेबलावर ओतायची आणि कोठारवाल्याला म्हणायचं, "मोजून घे." हे वाक्य ह्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की धोब्याला कपडे दिले तरी मोजून घे, मला भाजीची पिशवी दिली तरी मोजून घे. मी चिडवायची, "अहो, चार वांगी आहेत, पळून जाणार नाहीत."

निवृत्त झाल्यावर ह्यांचा उजवा हात सारखा कमरेकडे जायचा. बाजारात, देवळात, झोपेतसुद्धा. मग रीतसर परवाना काढून बत्तीस बोअरचं स्वतःचं रिव्हॉल्वर विकत घेतलं. तिसरी सवत. तिला परत जायला कोठार नव्हतं, ती आमच्या बेडरूमच्या कपाटात राहायला आली.

आणि त्याच सुमाराला हे विझायला लागले. का, ते मला विचारू नका. मी स्वतःला विचारून विचारून थकले. चौकशी लागली नव्हती, आजार नव्हता, पेन्शन वेळेवर, मुलगी सुखात. काही झालं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण काहीच झालं नव्हतं. पेपरची घडी तशीच राहायची. चहावर साय धरायची. मैथिली म्हणायची, "आई, बाबांना डॉक्टरकडे ने ना, मतलब, एकदा तरी." ह्यांचं उत्तर ठरलेलं, "मला कुठं काय झालंय?"

एका दुपारी मी बाजारातून लवकर आले. हे पलंगावर बसले होते आणि मांडीवर ते. मला बघून म्हणाले, "साफ करतोय." जवळ फडकं नव्हतं, तेलाची बाटली नव्हती. मी भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. त्या दिवसापासून मी घर सोडून कुठं गेले नाही. कानोत्याच्या धरणावर महिला मंडळाची सहल गेली, मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. माझे गुडघे उत्तम आहेत.

तर लोकसभेला रिव्हॉल्वर ठाण्यात गेलं. निकाल लागला. ते परत आणायचं मी काढलं नाही, ह्यांनीही नाही. आषाढ गेला, गणपती झाले, नवरात्र झालं. मला वाटलं, विसरले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली की बघा, गप्प राहून मी सवतीला घराबाहेर काढलं.

धनत्रयोदशीला सकाळी दाराशी पोलिसांची जीप थांबली. भगवान नावाचा शिपाई उतरला. एका हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात रिव्हॉल्वरची ती ओळखीची लाकडी पेटी.

"साहब, नए थानेदार विनयजी ने भिजवाया है," तो सलाम ठोकून म्हणाला. "दिवाली की सफाई में मालखाने से निकला. बोले, अकादमी में सर ने हमें पढ़ाया था, सर क्या लाइन में लगेंगे? घर पहुँचाकर आओ."

ह्यांनी सही केली. सही करताना चेहरा असा झाला की मी पदर तोंडाशी धरला. जीप वळून गेली तरी हे दारातच उभे.

"परत देऊ नका म्हणून मीच सांगितलं होतं," हे म्हणाले. "आधीच्या थानेदाराला."

"का?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

"घरात नको होतं, सुहास. माझा माझ्यावर भरवसा नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की पहारा मी एकटी देतेय. आम्ही दोघंही एकाच वस्तूला घाबरत होतो आणि ती भीती एकमेकांपासून लपवत होतो. मला ह्यांना घट्ट धरावंसं वाटलं आणि दोन थोबाडीत माराव्याशाही वाटल्या. यातलं मी काहीच केलं नाही, सरळ ठाण्याला फोन लावला.

विनयजी स्वतः बोलले, अगदी अदबीनं. परत जमा करायचं? जरूर, आंटीजी. पण अर्ज लागेल, वरून सही लागेल, आता सगळे बंदोबस्तात आहेत, भाईदूज झाली की या. मग मी ते बोलले. माझ्या स्वतःच्या कानांनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "बेटा, मुझे डर है, ये अपनी जान का कुछ कर लेंगे."

मग तो हसला. वाईट नाही हसला, पोरगा चांगला आहे. "सर? आंटीजी, सर तो शेर आदमी हैं. हिम्मत क्या होती है, हमने उन्हीं से सीखा है. आप दिवाली मनाइए."

मी म्हटलं, ठीक आहे, पेटीतली काडतुसं तरी नेऊन द्रव्यवती नदीत फेकते. हे म्हणाले, "पाणी घोटाभर. पोरं उतरतात त्यात." मग कचऱ्यात? "दिवाळी आहे. न उडालेले फटाके शोधायला पोरं कचरा उपसतात. एखाद्यानं आगीत टाकलं म्हणजे?" हे असं सगळं बरोबर सुचणारा माणूस, आणि स्वतःपुरतं एवढं सुचू नये?

"तू लपव," हे म्हणाले. "चार दिवसांचा प्रश्न आहे. मला सांगू नकोस." आणि पेटी माझ्या हातात देऊन अंगणात जाऊन पाठमोरे बसले.

लपव म्हणे! ज्या माणसाचा जन्म लोकांनी लपवलेलं शोधण्यात गेला त्याच्यापासून त्याच्याच घरात मी काय लपवणार होते? तुपाच्या डब्यात अफू, गादीत अफू, देवाच्या चौरंगाखाली अफू, सगळं ह्यांनी काढलेलं. चित्तोडला जेवताना रंगात येऊन सांगायचे, "झडतीत भिंती बघायच्या नसतात, सुहास. घरातल्या माणसांकडे बघायचं. माणूस जिकडे बघायचं टाळतो, तिकडे माल असतो." तेव्हा मला काय कौतुक वाटायचं!

मी रिव्हॉल्वर मैथिलीच्या खोलीत तिच्या जुन्या बाहुल्यांच्या ट्रंकेत ठेवलं. काडतुसं वेगळी काढून जाड्या मिठाच्या बरणीत तळाशी पुरली. आणि मग ठरवलं, टाळायचं नाही. घरात सगळीकडे सारखं बघायचं. गॅसकडे बघितलं तितकंच बरणीकडे, फ्रिजकडे तितकंच खोलीच्या दाराकडे. करून बघा एकदा. कुठं किती बघितलं याचा हिशेब ठेवून चकल्या तळायच्या. दोन घाणे जळाले.

हे तर माझ्याकडे बघेनातच. चहा दिला तरी नजर कपात. पहाटे उटणं लावायला पाटावर बसवलं, पाठीला तेल चोळलं, उजव्या कमरेवर पट्ट्यानं काळवंडलेली जागा अजून तशीच आहे, तिच्यावरूनही हात फिरवला. डोळे मिटून बसले होते. खुंटीवरचा झब्बा मी धुवायला घेणार तर म्हणाले, "राहू दे. तोच घालतो." लक्ष्मीपूजनाला मी आरती म्हणत होते आणि हे मान खाली घालून समईकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावरून जागा कळू नये म्हणून बिचारे मला बघायचं टाळतायत, असं समजून माझा जीव तुटत होता. नवरा चार हातांवर असून मला त्याची इतकी आठवण कधी आली नव्हती.

पाडवा उजाडला. इथं शेजारी गोवर्धनाची पूजा करतात, आमच्याकडे बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं. मी पाट मांडला, रांगोळी घातली, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. मला वाटत होतं, झालं, आजचा दिवस आणि उद्याचा. परवा ठाणं उघडं.

"वर बघा," मी म्हटलं. "कुंकू लावायचंय."

ह्यांनी कपाळ वर केलं, डोळे नाही. मी कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या. मग ताट पुढे धरून नेहमीचं म्हटलं, "घाला ओवाळणी. यंदा साडी नको, इकडे एकदा बघा, तेवढं पुरे."

ह्यांनी झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि मूठ ताटात उघडली.

काडतुसं होती. पितळेची, निरांजनाच्या उजेडात पिवळीधमक. काहींना मिठाचे कण चिकटलेले.

"पहिल्याच दिवशी सापडली," हे म्हणाले. "शोधायचं नव्हतं गं मला. तू मीठ घालताना दुसऱ्या डब्यातलं घेतलंस."

तेव्हा मला कळलं. जिकडे बघायचं टाळतो तिकडे माल असतो, हे मला पाठ होतं, आणि हा माणूस तीन दिवस माझ्याकडे बघायचं टाळत होता. मी त्याला माया समजले. पाठीला तेल चोळलं तेव्हा ती काडतुसं समोर खुंटीवरच्या झब्ब्यात होती. आरतीला माझ्या शेजारी होती. मी ताट खाली ठेवलं.

"आज द्यावीशी वाटली," हे म्हणाले. "काल वाटत नव्हती. उद्याचं मला सांगता येत नाही." मग सवयीनं म्हणाले, "मोजून घे."

मी पाटासमोर बसले आणि मोजली. एकेक उचलून, मीठ पुसून, निरांजनाच्या बाजूला ठेवून.

"सगळी आहेत," मी म्हटलं.

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. मी ज्या माणसाशी लग्न केलं तो त्या डोळ्यांत होता. खूप आत होता, पण होता, आणि मला काही करता येत नव्हतं.

"आता परत लपव," हे म्हणाले, आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून पाटावर बसून राहिले.

मी ताट घेऊन उठले आणि घरभर बघितलं.