तिसरा खड्डा

"हा शेंदूर कोनी लावा?" चेतनाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कपाळावर हात मारून घेतला.

वावराच्या कोपऱ्यात तिने सहा वर्षांपूर्वी खुणेसाठी रोवलेला दगड आता केशरी झाला होता. पुढ्यात नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या, एक फाटकी चुनरी. आणि भर मे महिन्यात भोवतालची माती ओलीचिंब.

"देव शे म्हनतस लोके," तिचे वडील दोधूअप्पा शांतपणे म्हणाले.

"अप्पा, देव नही शे तो! खाले बकरीना जबडा शे. तुमना समोर पुरेल व्हता ना मी?"

"मले माहीत शे. पन मी कोनकोनले सांगू?"

चेतना शहाद्याला कॉलेजात इतिहास शिकवायची. तापीकाठच्या काळ्या मातीत जुन्या वस्त्यांची हाडं, खापरं निघतात. पण पुरल्यापासून सापडेपर्यंत जमीन त्यांचं काय करते, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून तिने वडिलांच्या केळीच्या वावरात तीन खड्डे केले. प्रत्येकात बकरीची हाडं, फोडलेलं मडकं, एक तांब्याचं कडं. काही वर्षं कोणी हात लावायचा नाही, मग उघडायचं. एवढीच तिची मागणी होती आणि एवढंच कोणाला जमलं नव्हतं.

पहिल्या खड्ड्यातून भावाने, योगेंद्रने, ठिबकचा पाइप नेला. "जराशी तं चारी खंदी," म्हणाला. दुसरा रानडुकरांनी उकरला. निदान ती खुलासे देत बसली नाहीत. नात्यातल्या बायकांचं आणखी वेगळं. लग्नाकार्यात गाठून विचारायच्या, "आजून हाडकं पुरस का वं, चेतना?" या सगळ्यांना पुरून उरत ती अप्पांना फोनवर विचारून पुण्याच्या आपल्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना दर वर्षी कळवत आली होती, तिसरा शाबूत आहे. आणि आता तिसऱ्याचा देव झाला होता.

"नारळनं जाऊ द्या. हाई पानी कोन टाकस?"

"फुलवंताबाई. रोज एक तांब्या. कामवर उनी का पहिले आठेच येस."

"आनि तुम्ही तिले काहीच सांगं नही?"

"पानी टाकानं तं पुण्यनं काम शे. काय सांगू?"

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. त्या फुगण्या-तडकण्यात हाडांचं काय होतं, तेच तर चेतनाला पाहायचं होतं. आता सहा वर्षांच्या कष्टांवर खरोखरच पाणी फिरलं होतं.

ती तरातरा केळीत शिरली. फुलवंताबाई विळ्याने केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापत होती. साठी उलटलेली भिल्ल बाई. चेतनाच्या जन्माआधीपासून या वावरात राबत होती.

"मावशी, त्या दगडवर रोज पानी कसाले टाकतस तुम्ही?" चेतनाचा आवाज चढलाच होता.

फुलवंताबाईने कंबर सरळ केली. "उन्हाळामा भुई तापस ना, ताई. धाकलाले चटका लागस."

"कोन धाकला?"

"मन्हा."

चेतनाचे आजोबा होते तेव्हाची गोष्ट. फुलवंताबाईचं मूल तापाने गेलं. बांधावर पळस होता, त्याच्या बुडाशी पुरायला आजोबांनी जागा दिली. पुढे ट्रॅक्टर आला, बांध मोडला, पळस तोडला, वावर सपाट झालं. ती जागा फुलवंताबाईला पुन्हा कधी ओळखता आली नाही.

"मंग तू आठे खड्डा खंदा. हाडकं व्हतात तुन्हा हातमा. खाले ठेवात, दगड लावा, हात जोडात. मी तठून देखं. मले वाटनं, ताईले मन्हा धाकला सापडना."

"हात नही जोडात, मावशी. माती झटकी मी," चेतना म्हणाली आणि आपण हे काय बोललो म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"शेंदूर, नारळ लोकेस्नी आना. मी निस्तं पानी टाकस."

आता चिडायचं तरी कोणावर? "मावशी, ती बकरी शे," चेतना म्हणाली. "आज उघाडनं पडी मले."

"उघाड ना. मी बी देखसू."

अप्पांनी आधी दगडाला हात जोडले आणि मग तो बाजूला सरकवला. चेतनाने खुरपं हातात घेतलं.

ठेवलेलं काहीच ठेवल्या जागी नव्हतं. खापरं एका जुन्या भेगेतून वीतभर खाली घसरली होती. तांब्याचं कडं हिरवं पडलं होतं आणि त्याला टेकलेली बरगडीही हिरवी झाली होती. हाडांवर केळीच्या मुळ्यांनी नागमोडी रेघा कोरल्या होत्या. बोट लावलं की भिजलेल्या बिस्किटासारखा थर निघून येत होता. रोजच्या तांब्याभर पाण्याचं देणं! ती पुटपुटत, कुंचल्याने माती सोडवत राहिली. शेवटी तिने दोन्ही हातांनी जबडा उचलला.

फुलवंताबाई काठावर उकिडवी बसून बघत होती. "बकरीच शे," ती म्हणाली. रडली नाही. तोंडाला पदर लावून जराशी हसलीसुद्धा. "इतला साल बकरीले पानी पाजं मी."

मग म्हणाली, "मन्हा धाकलानं काय व्हयनं व्हई, ताई? तुले समजस ते."

वर्गात चेतना हे दर वर्षी शिकवायची. "लहान पोऱ्यानं हाडूक कवळं ऱ्हास, मावशी. ह्या मातीमा, बागायतना पानीमा धा-बारा पावसाळा टिकनं तं टिकनं. मंग माती व्हई जास."

"म्हंजे काहीच नही?"

"काहीच नही."

सांगून टाकलं ते बरं झालं, असं तिला वाटलं. निदान रोजचं पाणी तरी थांबेल.

फुलवंताबाई जबड्याकडे बघत होती. हाड पार झिजलं होतं. दात मात्र चकचकीत, जसेच्या तसे होते.

"हाई तं टिकनं," ती म्हणाली.

"ते दात शेतस. दात बठ्ठा हाडकंस्ना मांगून जातस. पन धाकलाले दात कोठे व्हतात?"

"व्हतात ना. दोन. खालना." फुलवंताबाईने बोटाने आपला खालचा ओठ ओढून जागा दाखवली. "दूध पेतांना चावे मले."

चेतनाने हातातला जबडा खाली ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढे दोन दात. भेगांतून खाली गेलेले, नांगराने वर आलेले, ट्रॅक्टरने कुठल्या कुठे ओढून नेलेले.

"मंग ते व्हतीन, मावशी," ती हळूच म्हणाली. "दात व्हतीन."

"कोठे?"

चेतनाने वावराकडे हात केला. तो कुठे थांबवायचा, ते तिला कळेना. मोडलेल्या बांधापासून तापीकडच्या शेवटच्या ओळीपर्यंत तो फिरत गेला.

हात गेला तिथवर फुलवंताबाईने पाहून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, विळा उचलला. पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या आणि केळीत शिरली.