नळीचं तोंड

नळीचं तोंड ओलं होतं... शेजारच्या नेल्लीच्या ओठांचं ओलं. ओतिलियाचा हात सवयीनं रुमालाकडे गेला. चारचौघांत फिरणाऱ्या ‘माते’च्या, म्हणजे कडू पाल्याच्या चहाच्या, तुंबडीतली नळी पुसायची नसते, पुसली की देणाऱ्याचा अपमान, हे साल्तो शहरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण ओतिलिया पुसायची. नणंदांसमोर, शेजारणींसमोर, जन्मभर पुसत आली — आणि हळूहळू तिच्यापुढे कुणी तुंबडी करेनासंच झालं, तेव्हा तिनं आपली वेगळी घेतली. बरं झालं, कटकट गेली! असं ती म्हणायची. स्वतःशीच म्हणायची, ऐकायला दुसरं होतं कोण?

आणि आता बोटं अशी सुजलेली की तुंबडीत ओतायच्या गरम पाण्याच्या थर्मासचं झाकण फिरत नाही.

सकाळी ती डॉक्टरीण, नातीच्या वयाची, रिपोर्ट बघत म्हणाली, "बाई, कुठं जखम नाही, ताप नाही, तरी तुमच्या रक्तात सूज दिसतेय. शरीर कुणाशी तरी भांडतंय बघा." मग भलतेच प्रश्न. माणसांवर विश्वास बसतो का? जिवाला फार लावून घेता का?

"त्याचा नि बोटांचा काय संबंध?"

"थोडा असतो, असं दिसतं. स्वभावच कारण, असं नाही म्हणत मी. गोळ्या घ्याच. पण एकट्या राहू नका हो."

म्हणजे या वयात स्वभाव बदला म्हणे! तो काय कोट आहे, काढून खुंटीला लावायला? घरी येऊन ती थर्मासशी झटली, झाकण हललं नाही, डोळ्यांत पाणी आलं — नुसत्या एका झाकणापायी! — आणि ती थर्मास घेऊन कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"राहू दे ते. ये, बस," पलीकडून नेल्ली म्हणाली. रिवाजाप्रमाणे पहिली, कडूजहर तुंबडी तिनं स्वतः ओढली, पुन्हा भरून ओतिलियाच्या हातात दिली. नेल्लीची नजर मात्र तिच्या रुमालावर.

"पूस, पूस. मी काय विष कालवलंय त्यात?"

कुणाशी भांडतंय शरीर... या नळीशी? या नेल्लीशी? ओतिलियाला एकदम फार दमल्यासारखं वाटलं. रुमाल मांडीवर पडला. नळी ओठांना लागली — कोमट, कडू. जराशी किळस आली, यायचीच. तरी शेवटचा घोट खळखळ वाजेपर्यंत तिनं ओढला. बोटं तशीच ठणकत होती.

तुंबडी परत गेली. नेल्ली आता स्वतःसाठी भरत होती, मग पुन्हा हिची पाळी. आपण त्या पाळीची वाट बघतोय, हे ओतिलियाच्या लक्षात आलं... आणि तिला ते आवडलं.