पाओ-चूने निवडलेली चक्की

तैवानच्या ताइचुंगमधल्या त्या अरुंद तीन मजली घरात रोज सकाळी पावणेसातला एक कर्कश आवाज व्हायचा. सून चिंग-वेन पात्याच्या छोट्या मिक्सरमध्ये कॉफीच्या बिया टाकायची आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायची. सासू पाओ-चू तेव्हा भाताची पेज आणि लोणच्यातली काकडी घेऊन बसलेली असे. आवाजाचं तिला काही वाटत नसे. एकतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या बाईला आवाजाचं काय. तिला खुपायचं ते झाकण उघडल्यावर. तळाशी मैद्यासारखी भुकटी आणि वर अर्ध्या-अर्ध्या बिया.

"हे काय दळण म्हणायचं? अर्धं पीठ, अर्धी खडी."

"चालतं हो आई. कॉफीच आहे, विमानाचा पार्ट थोडाच आहे."

पण चालत नव्हतं. चिंग-वेन दोन घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि उरलेलं मोरीत ओतायची. नवीन वर्षाची सुट्टी संपल्यावर तर तिने मिक्सर काढणंच बंद केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदी पेला घेऊन ती ऑफिसला जायला लागली. शेवयांच्या पाकिटांमागे तीन तपकिरी पिशव्या तशाच बांधलेल्या राहिल्या. त्यांवर कसलं लेबल नव्हतं, नुसती पेनाने घातलेली तारीख होती. अक्षर चिंग-वेनच्या वडिलांचं होतं.

एका संध्याकाळी शेवया काढताना पाओ-चूने विचारलंच. "तुझ्या बाबांनी पाठवलेल्या बिया संपवायच्या नाहीत का?"

चिंग-वेन भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "बाबांची कॉफी चांगली होत नाही, आई. कडू लागते आणि आंबटही लागते. एकाच घोटात दोन्ही. आमच्या डोंगरातल्या कॉफीला लोक एवढं नावाजतात, आणि आमच्या बाबांनाच जमलं नाही. चहाची झाडं उपटून लावली त्यांनी. सहा वर्षं झाली." मग हळूच म्हणाली, "पुढच्याच्या पुढच्या रविवारी येणार आहेत ते. मी काय पाजू त्यांना?"

पाओ-चू कॉफी पीत नसे. पण पेज रोज शिजवायची. कणी आणि अख्खा तांदूळ एकत्र शिजायला टाकला तर कणीचा गोळा होतो आणि तांदूळ कच्चा राहतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"बियांना उगाच नावं ठेवू नकोस," ती म्हणाली. "दळण सारखं नाही तुझं. पात्याने तुकडे होतात, दळलं जात नाही. जात्यासारखं दोन दात्यांच्या मधून काढायला पाहिजे."

"तशी चक्की महाग असते. चांगली घ्यायची तर सात-आठ हजार युआन. पो-येन म्हणतो, दोन हजारांच्या वर जाऊ नकोस."

पो-येन म्हणजे पाओ-चूचा मुलगा. तो शिंचूला नोकरीला होता, शनिवार-रविवार घरी यायचा आणि खर्चाच्या बाबतीत थेट बापावर गेला होता.

"मग दोन हजारांत बघू," पाओ-चू म्हणाली.

चिंग-वेनला वाटलं, सासूबाई भाजी आणायला बरोबर येतायत. शनिवारी सकाळी दोघी स्कूटरवरून निघाल्या, बाजारातून कोबी आणि मासे घेतले आणि शेजारच्या गल्लीतल्या कॉफीच्या दुकानात शिरल्या. मालक श्ये नावाचा होता. पंचेचाळिशीचा, कमरेला निळा एप्रन, आणि बोलण्याची भारी हौस. त्याने फळीवर तीन हातचक्क्या मांडल्या. आठ हजारांची, साडेचार हजारांची आणि सोळाशेची.

"सोळाशेचीही दातेरीच आहे बरं का," तो चिंग-वेनला म्हणाला. "आत पोलादी शंकू, बाहेर पोलादी कडं. पण खरं सांगू, एकदाच घ्यायची तर मोठी घ्या. स्वस्तातलीचं नशिबावर असतं."

पाओ-चूने मासळीची पिशवी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि आठ हजारांची चक्की उचलली. मूठ फिरवली. मधल्या दांड्याला अंगठ्याने आडवं ढकललं. मग चक्की कानाशी धरून दाते एकमेकांना जेमतेम टेकेपर्यंत खालची कळ आवळली आणि पुन्हा सावकाश फिरवली.

"चांगलं काम आहे," ती म्हणाली. "आठ हजार मागायला हरकत नाही."

श्ये खूश झाला. पाओ-चूने ती खाली ठेवली आणि सोळाशेची घेतली. तेच सगळं पुन्हा केलं.

"हिचा दांडा वाकडा आहे. दुसरी दाखवा."

"मावशी, सगळ्या सारख्याच असतात. एकाच कारखान्यातून येतात."

"एकाच कारखान्यातून येतात म्हणून सारख्या नसतात. दाखवा तर."

दुसऱ्या खोक्यातल्या चक्कीची बेअरिंग सैल होती. तिसरीचा दांडा पुन्हा वाकडा. एव्हाना मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती आणि चिंग-वेनचे कान लाल झाले होते. "आई, पुरे ना," ती पुटपुटली. "कुठलीही घेऊ." पाओ-चूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथी चक्की तिने जास्त वेळ कानाशी धरली. डोळे मिटले, मूठ फिरवली, चक्की पाव वळसा वळवून पुन्हा फिरवली.

"हीच द्या. हिचा दांडा अगदी सरळ आहे. बाहेरचं कडं तेवढं एका अंगाला तिरकं बसलंय."

श्येला आता हसू आवरेना. "तिरकं बसलंय म्हणता आणि तीच मागता?"

"कडं सरळ बसवता येतं, खाली पॅकिंग घालून. दांडा वाकडा असला तर तो कोण सरळ करणार? तुम्ही?"

मागच्या गिऱ्हाइकांतलं कुणीतरी खुदकन हसलं. श्येला ते झोंबलं असावं. त्याने गल्ल्यातून काळा मार्कर काढला, चक्की उघडली, कड्याच्या आतले आणि शंकूवरचे दाते सगळीकडून काळे केले आणि पुन्हा जोडून दहा वेळा फिरवली. उघडून उजेडाकडे धरली. कड्याच्या एका बाजूचा काळा रंग घासून लख्ख पोलाद दिसत होतं. समोरच्या बाजूला शाई जशीच्या तशी होती. मग त्याने सोळाशेतली पहिली, वाकड्या दांड्याची म्हटलेली चक्की घेतली आणि तिला तसंच केलं. हिच्यात रंग कड्याभर थोडाथोडा निघाला होता, पण शंकूची एकच बाजू घासली गेली होती.

श्येने चक्की खाली ठेवली, एप्रन सारखा केला आणि विचारलं, "कुठे होतात तुम्ही कामाला?"

"इथेच, दालीला. लेथ मशीनचे फिरते दांडे, स्पिंडल, करायचा आमचा शेठ. मी गोलाई तपासायचे."

"किती वर्षं?"

"एकतीस."

"केवढा फरक कळतो बोटाला?"

"डायल लावला तर काहीही कळतं," पाओ-चू म्हणाली. "नुसत्या बोटाला केसाचा पाव हिस्सा. आता वय झालं, तिसरा हिस्सा धरा."

श्येने सोळाशेचे चौदाशे घेतले आणि चक्की दोन्ही हातांनी दिली.

परतताना चिंग-वेन स्कूटर चालवत होती. पुलाजवळच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"पो-येन म्हणाला होता, आई कारखान्यात होती. मला वाटलं तुम्ही खोकी भरायचात."

"खोकीही भरायचे. शेवटी शेवटी माणसं कमी पडायची." सिग्नल सुटला. थोड्या वेळाने पाओ-चू मागून म्हणाली, "पण मी पास म्हटल्याशिवाय एक नग खोक्यात गेला नाही. जपानची माणसं यायची तपासायला. आमच्या मालाची खोकी उघडायचीच नाहीत. शिक्का बघायचे आणि चहा प्यायचे."

हे ती आजवर कुणाला बोलली नव्हती. बोलल्यावर तिला जरा लाजल्यासारखं झालं आणि तिने मासळीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

घरी आल्यावर तिने पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. तेलकट फडक्यात गुंडाळलेला डायल, केसाहून बारीक फरक काट्याने दाखवणारं माप, त्यात होता. कारखाना बंद झाला त्या दिवशी शेठने तो तिच्या हातात ठेवला होता. इतरांना पाकिटं मिळाली, तिला पाकीट आणि डायल. चार वर्षांत तिने तो एकदाही उघडला नव्हता. काटा मात्र पहिल्या स्पर्शाला हलला.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोघी बसल्या. पाओ-चूने कड्याचे तीन स्क्रू काढले, डायलचं टोक कड्यावर टेकवून चक्की फिरवली आणि जिथे कडं खाली गेलं होतं तिथे पेन्सिलीने खूण केली. चहाच्या पुड्याचा चंदेरी कागद नखाएवढा कापून, दुहेरी घडी घालून तिथे सरकवला. स्क्रू एकदम आवळले नाहीत; एक थोडा, मग दुसरा, मग तिसरा, पुन्हा पहिला.

"एकच आधी घट्ट केलास तर कडं परत तिरकं होतं," ती म्हणाली. "हे घे, शेवटचा वेढा तू दे."

चिंग-वेनने दिला. तिने चक्की कानाशी धरली तेव्हा फिरवताना पूर्ण वळशाला एकसारखी बारीक सळसळ येत होती, मध्ये कुठे तुटत नव्हती.

पहिल्या दोन मुठी जुन्या बिया नुसत्याच दळून टाकल्या, दात्यांवरचं कारखान्यातलं तेल निघून जावं म्हणून. मग बाबांची पिशवी फोडली. दाते एकमेकांना टेकलेल्या जागेपासून खालची कळ उलटी फिरवायची आणि टक-टक मोजायचे. अठरा टकांवर दळलं तर पाणी गाळणीत तुंबून बसलं आणि कॉफी कडू झाली. तिसावर दळलं तर पाणी भसकन निघून गेलं, पेल्यात आंबट फुळकवणी उरली. मधल्या दळणांची चिंग-वेनने वहीत नोंद केली. पाओ-चू प्रत्येक वेळी चिमूटभर पूड बोटांत चोळून बघायची आणि "अजून थोडं जाड" किंवा "अर्धं पाऊल मागे" एवढंच सांगायची.

चोवीस टकांवर पाणी मनासारखं उतरलं. चिंग-वेनने घोट घेतला आणि पेला तसाच ओठाशी धरून राहिली.

"काय झालं?"

"गोड आहे," ती म्हणाली. "काळ्या गुळासारखी गोड. आई, यात काही घातलं नाही ना आपण?" मग तिने पेला खाली ठेवला आणि तळहाताने डोळे पुसले. "आणि मी चार महिने ती मोरीत ओतत होते."

पाओ-चूनेही घोट घेतला. "मला कळत नाही यातलं. पण आता कडू आणि आंबट भांडत नाहीत."

ठरल्या रविवारी चिंग-वेनचे वडील आले. चुआंग नावाचा बुटका, उन्हाने रापलेला माणूस. बांबूच्या कोंबांचं गाठोडं त्याने दारातच ठेवलं आणि बूट काढताना तीनदा म्हणाला की त्रास घेऊ नका. चिंग-वेनने त्याच्यासमोर चक्की फिरवली, पाणी तापवलं, बारीक धारेने ओतलं. त्याने पहिला पेला संपवला आणि दुसरा मागितला. तो पिऊन झाल्यावर त्याने पेला तिरका करून तळाकडे बघितलं.

"मी वर डोंगरात एकटाच पितो," तो म्हणाला. "मला तर चांगलीच लागते. पण खाली कुणाला कशी लागते, कोण सांगणार. तू फोनवर नुसतं 'छान आहे' म्हणायचीस. माझी मुलगी खोटं बोलली की मला कळतं."

चिंग-वेनने मान खाली घातली आणि मिक्सर, शेवयांमागच्या पिशव्या, सगळं सांगून टाकलं. मग मान वर करून म्हणाली, "बिया वाईट नव्हत्या, बाबा. हे आमच्या आईंनी ओळखलं. एक थेंबसुद्धा न पिता ओळखलं. दुकानात चार चक्क्या कानाला लावल्या आणि सांगितलं, कुठलीचा दांडा वाकडा, कुठलीचं कडं तिरकं. दुकानदाराने मार्कर लावून बघितलं, अगदी तसंच निघालं. एकतीस वर्षं त्या स्पिंडल तपासायच्या. जपानची माणसं त्यांच्या शिक्क्यावर खोकी न उघडता माल न्यायची."

पाओ-चू उठली आणि धुतलेलाच एक पेला पुन्हा धुवायला लागली. नळाचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला, पण प्रत्येक शब्द ऐकला. चार वर्षांपूर्वी कारखान्याचं दार ओढून घेतलं तेव्हा तिला वाटलं होतं की ती एकतीस वर्षं आतच राहिली. आता ती सुनेच्या तोंडून बाहेर येत होती, आणि सून ती अशी सांगत होती जणू तिच्या स्वतःच्या माहेरची गोष्ट.

चुआंग उठून उभा राहिला आणि सिंककडे वळून कमरेतून वाकला. "विहीणबाई, एक विचारू? माझं बिया सोलायचं यंत्र आहे. गेल्या हंगामापासून थरथरतंय. दोन मिस्त्री येऊन गेले. दोघांनी पट्टा बदलला, थरथर आहे तशीच."

"दोघांनी पट्टाच बदलला?" पाओ-चूने नळ बंद केला. "बेअरिंगला हात लावला का कुणी?"

"नाही."

"मग कशी जाणार थरथर."

पुढच्या शनिवारी ती चिंग-वेनबरोबर डोंगरात गेली. बस धुक्यातून वळणं घेत चढली तेव्हा बिस्किटांचा डबा तिच्या मांडीवर होता. यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि शेजारचे तीन बागवाले आधीच येऊन उभे होते. शहरातून एक आजी यंत्र बघायला येणार ही बातमी चुआंगने दडवून ठेवली नव्हती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "यांना कॉफी पाज आणि मिस्त्रीला फोन कर." चिंग-वेन त्याच्याकडे बघून नुसती हसली. पंधरा दिवसांपूर्वी तिचे कान लाल झाले असते.

पाओ-चूने यंत्र चालू करायला सांगितलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एका बेअरिंगच्या पेटीवर टेकवलं आणि मुठीला कान लावला. मग दुसऱ्या. तिसऱ्या पेटीपाशी ती थांबली, डोळे मिटले आणि तशीच राहिली.

"बंद करा," ती म्हणाली. "हीच आहे. पट्ट्याच्या बाजूची, आतली. चौदाचा पाना द्या."

तिन्ही बागवाले एकदम पाना शोधायला वाकले.