फेसासकट

मारिफे माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तिला मानांग म्हणते. आमच्या ग्वीमारास बेटावर मोठ्या बहिणीला सगळे तेच म्हणतात. तिथल्या जॉर्डन गावच्या धक्क्यावर ती बोटीची तिकिटं फाडायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या गालांवर तांबूस चट्टे उठले, मग बोटांचे सांधे धरले, मग पाय सुजले. पाण्यापलीकडे इलोइलो शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की ल्युपस आहे, शरीर स्वतःवरच उलटलंय, आणि तो किडनीत शिरलाय. तेव्हापासून मूठभर गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी तिचा चेहरा फुगला, पण लघवीतून प्रथिन जायचं काही थांबेना. लघवीला फेस यायचा, सोडा ओतल्यासारखा. हे वर्षभरात आटोक्यात आलं नाही तर डायलिसिस, असं डॉक्टर म्हणाले, आणि जाता जाता म्हणाले, कुठे नव्या औषधाची ट्रायल चालू असेल तर बघा. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी बाहेरच्या बाकावर बसले आणि फोन काढला. त्याच महिन्यात मी शाळेकडून भाषणस्पर्धा जिंकून आले होते. जगातलं कुठलंही दार मी बोलून उघडू शकते अशी माझी तेव्हा खात्रीच होती. ट्रायलची यादी इंटरनेटवर असते. त्यात आजाराचं नाव टाकलं, देश टाकला आणि 'अजून पेशंट घेत आहेत' यावर टिचकी मारली. चार निघाल्या. दोन बंद झालेल्या, एक मनिलाला आणि एक चक्क इलोइलोत, बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर.

अटी मी तीनदा वाचल्या. किडनीचा तुकडा काढून केलेली तपासणी सहा महिन्यांच्या आतली हवी; मानांगची जानेवारीतली, म्हणजे दोनच महिन्यांपूर्वीची होती. दिवसभराच्या लघवीत एक ग्रॅमच्या वर प्रथिन हवं. तिचं दोनच्या आसपास होतं. मी तिथल्या तिथे मेल लिहिला. उत्तर यायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस मी वर्गात धड बसले नाही. बाईंनी मला दोनदा उभं केलं, तरी माझा एक हात दप्तरातल्या फोनवरच.

चौथ्या दिवशी चारितो मॅडमचा फोन आला. त्या ट्रायलच्या नर्स. शनिवारी मी आणि मानांग गेलो. संमतीपत्र सव्वीस पानांचं होतं. मॅडम प्रत्येक पान समजावून विचारायच्या, काही शंका? मानांगने तोंड उघडायच्या आत मी म्हणायचे, नाही, कळलं. शेवटी मानांगने सही केली. मॅडमनी तपकिरी प्लास्टिकचा कॅन दिला: गुरुवारी उठल्यावरची पहिली लघवी टाकायची, मग शुक्रवारच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी ह्यात, बर्फात ठेवून आणायची. एकच जागा उरली होती, तीही पुढच्या चार आठवड्यांपुरती.

आता माझी आई, नानाय. अकरा वर्षं ती कुवेतला लोकांच्या घरी कामाला होती. तिकडे जायचं तर आधी मेडिकल पास व्हावं लागतं, आणि नानाय चारही वेळा पास झाली होती. आमच्या गल्लीत अजूनही कुणी परदेशी निघालं की आधी नानायकडे येतं, मेडिकलला काय करू, विचारायला. नानाय सांगते, तीन दिवस शहाळ्याचं पाणी प्या, मांस खाऊ नका, आणि लघवी द्यायची ती दुपारची, स्वच्छ दिसणारी.

ट्रायलमध्ये काय हवं असतं हे मी तिला सांगितलंच नाही. तिला कळणार नाही असं मला वाटलं. किंवा सांगायला वेळ नव्हता. मी सारखी इकडून तिकडे पळत होते.

सोमवारपासून नानायने मानांगला शहाळ्यांवर धरलं. झाडावरून पाडलेली शहाळी मीच घरी वाहून आणली, आणि मला ते छानच वाटलं, निदान काहीतरी चाललंय. गुरुवारी मी शाळेत होते. कॅन मासळीच्या बर्फाच्या खोक्यात ठेवला होता आणि मानांगचं भांडं रिकामं करायचं काम नानायकडे होतं.

शुक्रवारी मी अर्धी शाळा बुडवून कॅन आणि मानांग दोघांना पलीकडे घेऊन गेले. तिथे तिचं रक्तही काढून घेतलं. सोमवारी दुपारी फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकला. मॅडमचा आवाज वेगळाच होता. आधी त्यांनी विचारलं की मारिफे शहाळ्याचं पाणी वगैरे पिते का. रक्तातलं पोटॅशियम चढलं होतं, आणि अशा किडनीला ते धोक्याचं, हृदयावर येऊ शकतं. मग म्हणाल्या, प्रथिन अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर आलंय, पण लघवीत रोज ठरावीक जे पडायला हवं तेही निम्मंच पडलंय. म्हणजे सगळी लघवी कॅनमध्ये गेलेली नाही.

नानाय चुलीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं.

मी लगेच सुरू झाले. मॅडम, कॅन बोटीत कलंडला होता, लाटा होत्या, झाकण नीट लागलं नव्हतं. वाक्यांवर वाक्यं येत होती, स्पर्धेत यायची तशी. कलंडलेला कॅन हा कुणाचाच गुन्हा नव्हता, आणि नानायचं नाव मध्ये येत नव्हतं.

मानांग खाटेवरून उठली, माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मॅडम, मारिफे बोलतेय. कॅन कलंडला नाही. आईने फेस आलेली लघवी ओतून टाकली, स्वच्छ होती तेवढीच भरली. शहाळ्याचं पाणी मी चार दिवस प्यायले. तिला वाटलं हे परदेशी जायच्या मेडिकलसारखं आहे."

मी हातवारे करत होते, आता काढतील, आता काढतील. मानांगने माझ्याकडे पाठ केली.

"बरं झालं सांगितलंत," मॅडम म्हणाल्या. "ते पाणी आत्ता बंद. उद्या सकाळी पहिल्या बोटीने रक्त द्यायला या. छातीत धडधडलं किंवा हातापायातलं बळ गेलं तर उद्याची वाट न बघता तडक इमर्जन्सीत या. डॉक्टर हो म्हणाले तर एकदा पुन्हा तपासता येतं. आईंना सांगा, आम्ही धडधाकट माणसं शोधत नाही हो. आजारीच शोधतोय."

फोन ठेवल्यावर नानाय बराच वेळ भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा. मग म्हणाली, "आजारी माणसाला कोण निवडतं, बाई? मला कुणी सांगितलं का?" ती मानांगशी बोलत होती, पण रोख माझ्यावर होता. मी म्हटलं की मला वाटलं तुला माहीत असेल. नानाय म्हणाली, "इंदाय, पोरी, तू सगळ्या जगाला मेल लिहितेस. चुलीपर्यंत यायला तुला बोट लागते का?"

रक्तातलं पोटॅशियम दोन दिवसांत खाली आलं. डॉक्टरांनी एक संधी दिली. या खेपेला मी शाळेत गेले नाही, पण नानायने मला भांड्याला हात लावू दिला नाही. प्रत्येक वेळी ती भांडं खिडकीशी धरायची, फेस आहे ना बघायची, थेंबन् थेंब कॅनमध्ये ओतायची आणि कॅलेंडरवर रेघ मारायची. कॅन मांडीवर घेऊन ती बोटीत बसली. शेजारच्या काकूंनी विचारलं, कसली नारळाची माडी नेताय? नानायने कॅनचं झाकण आणखी घट्ट केलं.

मग पुन्हा वाट पाहणं. शाळा सुटली की मी धक्क्यावर जायचे, कारण तिथे रेंज चांगली, आणि घरी बसवत नव्हतं. एक बोट सुटली, दुसरी लागली. बुधवारी दोघी माझ्यासोबत आल्या होत्या, मानांग छत्रीखाली, उन्हाची तिरीपही न लागू देता, कारण ल्युपसला ऊन चालत नाही. तेव्हाच फोन वाजला. दोन पूर्णांक तीन ग्रॅम. अटीत बसलं.

"बसलं?" नानायने विचारलं.

"बसलं."

नानायने मला मिठी मारली, तिकीटवाल्या पोरीला मिठी मारली, मी उड्याच मारायला लागले. लोक वळून बघत होते.

"माझी किडनी गळतेय," मानांग छत्रीखालून म्हणाली, "आणि तुम्ही नाचताय."

ती हसतच म्हणाली. मग हसू थांबलं, आणि आम्हीही थांबलो. माझ्या हातात फोन तसाच होता, कुणाला तरी कळवायला उचललेला. मी तो खाली केला.

सोमवारी आम्ही पलीकडे गेलो. खरं इंजेक्शन की नुसतं मिठाचं पाणी, हे कॉम्प्युटर ठरवणार होता. मारिफेला कळणार नव्हतं, नर्सलाही नाही. नेहमीच्या गोळ्या मात्र दोन्हीकडे चालूच राहणार होत्या. मला याचा भयंकर त्रास होत होता. कुणाला विचारलं तर कळेल, काही युक्ती असेलच, असं मी बोटीत दहादा तरी म्हणाले असेन.

खोलीच्या दारात मानांगने पर्समधून एक कागद काढला. तिच्या तिरक्या अक्षरात प्रश्न लिहिलेले होते, दोन्ही बाजूंनी. मध्येच सोडावंसं वाटलं तर चालेल का, एवढा एकच मला वाचता आला, मग तिने कागद छातीशी धरला. हे तिने कधी लिहिलं, मला माहीत नव्हतं.

मी आत शिरायला पाऊल टाकलं.

"तू बाहेर बस," ती म्हणाली.

दार लागलं. नानाय बाकावर बसली. मी बसले, उठले, पाण्याच्या पिंपापर्यंत गेले, परत आले. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, फक्त मानांगचा आवाज येत होता, बराच वेळ, मधूनमधून थांबून, आणि मग पुन्हा तिचाच.