एवढा डाव संपवून

"मेमरी वाढव म्हटलं ना, मग वाढव की! तुझाच धंदा होईल!"

दुरुस्तीवाला कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे आकडे बघत बसला. मी खुर्चीत बसले, उठले, प्रिंटरमधले कागद उगीच सारखे केले, परत बसले. सकाळपासून गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून परत जात होती. साधं व्हिजिटिंग कार्ड उघडायचं तरी मशीन नुसतं कण्हत होतं.

"काकू, मेमरी भरपूर आहे. हा कॉम्प्युटर शेवटचा बंद कधी केलात?"

"आमचे हे गेले तेव्हापासून नाही केला."

त्याने एकेक खिडकी बाजूला सारली. सगळ्यांच्या मागे पत्त्यांचा डाव होता, अर्धवट. छपाईचं दुकान आमचं दोघांचं. दिवसभर टायपिंग मी करायचे आणि नेमके जेवायच्या वेळी हे माझ्या खुर्चीत. "तू वाढ, एवढा डाव संपवून आलोच." त्या दिवशी ताट वाढलेलंच राहिलं. मी चिडून बघायला आले, तर हात माऊसवरच होता.

तेव्हापासून वीज गेली की माझा जीव टांगणीला. बॅटरी तग धरेल ना?

"डाव सेव्ह होत नाही, काकू. फोटो काढून देऊ?"

"फोटो भिंतीवर आहे. तू मेमरीच घाल, म्हणजे काही बंद करायला नको."

"चालू मशीनमध्ये मेमरी बसत नाही. घालायची तरी आधी बंद करावंच लागणार."

इकडे आड, तिकडे विहीर. त्या बिचाऱ्यावरच खेकसावंसं वाटलं. पत्त्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. शेवटी विचारलं, "सुटेल का रे हा डाव?"

त्याने पडद्यावरची एकेक रांग बोटाने तपासली. "नाही सुटणार. अडकलाय. एक पान हलत नाही."

अडकलेला डाव! आणि हे तसेच बसून राहिले, मी तिकडे वाट बघत असताना! इतका राग आला मला, इतके दिवस रडले नव्हते ती रडले. दुरुस्तीवाला उठून दाराशी गेला.

मी डोळे पुसले, माऊस हातात घेतला.

"उठा आता," मी म्हटलं. "जेवण गार झालं."

पडदा काळा झाला. आतला पंखा फिरत फिरत थांबला.

"मेमरी घालू, काकू?"

"नको. पण लगेच चालूही करू नकोस."