मॉनिटरची गाय

त्या दिवसाची सुरुवात भांडणानं झाली, आणि भांडणारे दोघंही साठीला टेकलेले होते.

सकाळी मी मॉनिटरच्या खळ्यावर पोचलो तेव्हा ती एका हातात खराटा धरून आणि दुसरा हात कमरेवर ठेवून उभी होती. समोर गोठ्याच्या दाराला टेकून नकल्या तिला सांगत होता की गाय आज विणार. मॉनिटरचं म्हणणं, अजून चार दिवस आहेत. तारीख तिनं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली होती आणि ती खराट्यानं दाखवत होती.

"गाईला वाचता येत नाही," नकल्या म्हणाला.

"तुला तरी कुठं येत होतं?" मॉनिटर म्हणाली.

ही दोघं माझ्या वर्गातली. मॉनिटर पाचवीपासून दहावीपर्यंत आमची मॉनिटर होती आणि ते पद तिनं अजून सोडलेलं नाही. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. दोन तुकडे जमीन आणि ही एक गाय, एवढ्यावर तिनं घर उभं ठेवलं. गावातल्या पंधरा घरांचं दूध त्या एका गाईचं, त्यामुळे गाय म्हणजे तिचा कमावता माणूस होता. नकल्याचं नाव नकल्या का, ते सांगायला नको. तो वर्गात पहिला येणाऱ्या मुलाच्या मागे बसायचा आणि त्याचा पेपर इतका मन लावून उतरवायचा की खाडाखोडसुद्धा तशीच करायचा. शाळा सुटली तसा तो गुरांमागं गेला, आणि तिथं मात्र त्याला कुणाचं बघून लिहावं लागलं नाही. अडलेली गाय असो की फुगलेली शेळी, लोक आधी त्याच्याकडे यायचे. गेल्या वर्षी एका बैलानं त्याचं उजवं मनगट खांबाला दाबलं. तेव्हापासून त्याची मूठ नीट वळत नाही आणि तो गुरांना नुसता बघतो, हात लावत नाही.

नकल्याच्या मते शेजारच्या गावचा गुरांच्या दवाखान्यातला कंपौंडर बोलावून ठेवायला हवा होता. बरीच कुरकुर करून मॉनिटरनं त्याला फोन केला. तो दुपारपर्यंत येतो म्हणाला.

आता पुढं जे झालं त्यात चूक माझी आहे, ती आधीच कबूल करतो. मी शिंपी आहे. माझं तोंड मशीनपेक्षा जास्त चालतं असं बायको म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. त्या दिवशी आमच्या वर्गातली सगळी पोरं चाळीस वर्षांनी एकत्र येणार होती. पोरं म्हणायचं, डोक्यावर केस तिघांच्याच होते. मॉनिटरच्या खळ्यावर मोठी सावली आहे म्हणून जमायचं तिथं ठरलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की डॉक्टर येणार होता.

डॉक्टर म्हणजे आमचा घोक्या. ज्याच्या मागं नकल्या बसायचा तोच. अख्खं पुस्तक पाठ करायचा, दर परीक्षेनंतर पेपर अवघड गेला म्हणून रडायचा आणि पहिला यायचा. पुढं शिकून तो गुरांचा डॉक्टर झाला, मोठ्या शहरात मोठ्या जागेवर बसला आणि दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला. आमच्या बाकावरचा पोरगा डॉक्टर झाला असं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. खरं तर माझा बाक त्याच्या बाकापासून चार बाक लांब होता.

दहाच्या गाडीनं तो उतरला. इस्त्रीचा शर्ट, बारीक हात, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याला बघून माझी छाती अशी फुगली की मी बाजूला गेलो आणि कंपौंडरला फोन लावला. म्हटलं, तुम्ही येऊ नका, आमच्याकडे मोठे डॉक्टर आलेत. तो जरा दुखावल्यासारखा वाटला. बरं म्हणाला आणि दुसऱ्या कामाला डोंगरापलीकडच्या वाडीवर निघून गेला.

मग आम्ही अकराजण पोत्यांवर बसलो. ऊन चढत होतं, रिकाम्या रानातून गरम वारा धूळ घेऊन येत होता आणि आमच्या बोलण्याला ऊत आला होता. मॉनिटरनं आधी हजेरी घेतली. जे आले नव्हते त्यांना तिनं तिथल्या तिथं नावं ठेवली. नंतर शाळेच्या बागेतली भेंडी कुणी चोरली, गणिताच्या गुरुजींना झोप लागली की घड्याळ पुढं कोण करायचं, याचा निकाल लागायला लागला. घड्याळ पुढं करणारा मीच होतो हे चाळीस वर्षांनी उघडकीला आलं, आणि सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं हेही उघडकीला आलं. डॉक्टर पोट धरून हसत होता. इतका हसलेला तो मला शाळेतही आठवत नाही.

नकल्या मात्र आमच्यात नव्हता. तो गोठ्याच्या दारात बसला होता. मध्येच त्यानं हाक मारली आणि त्याच्या आवाजावरून मॉनिटरला काय ते कळलं. ती उठून पळाली, मागोमाग आम्ही सगळे.

गाय आडवी पडली होती. वासराचं नाक आणि एक खूर बाहेर दिसत होता. दुसरा खूर नव्हता. गाय कळा देत होती, कण्हत होती, आणि काही केल्या वासरू पुढं सरकत नव्हतं. नकल्या म्हणाला, बराच वेळ असंच चाललंय, एक पाय आत दुमडलाय, आता उशीर झाला तर दोन्ही जीव जातील.

सगळ्यांनी डॉक्टरकडे बघितलं. मी तर असं बघितलं की जणू मीच त्याला शिकवलं होतं.

नवरा गेला तेव्हाही मॉनिटर कुणापुढं मोडली नव्हती. ती पुढं झाली आणि म्हणाली, "घोक्या, वाचव रे हिला. माझ्याकडे हीच आहे."

डॉक्टरनं मान हलवली. बादलीत हात धुतले, पुन्हा धुतले, मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मॉनिटरलासुद्धा. फक्त नकल्या आणि मी थांबायचं. मला वाटलं, माझा मान राखला. दार लोटलं तसा तो खाली बसला आणि आमच्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "मी जनावराला हात लावून एकतीस वर्षं झाली."

आम्हाला आधी कळेचना. त्यानं भराभर सांगून टाकलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हशीनं त्याला लाथ घातली, बरगडी मोडली. त्यानंतर साहेबांनी त्याला ऑफिसात बसवलं ते कायमचं. लशींच्या पेट्या किती आल्या आणि किती गेल्या, त्या फायलींवर तो सह्या करत राहिला. घरी, गावात, कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणवून घेत राहिला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कंपौंडरला येऊ नका म्हणून मीच सांगितलं होतं. मी तिथूनच त्याला फोन लावला तर लागेना, डोंगरापलीकडं कुठला लागायला. बाहेर मॉनिटरच्या फेऱ्या ऐकू येत होत्या.

नकल्यानं डॉक्टरकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी शोधला तरी दिसला नाही.

"कॉलेजात शिकवलं होतं ना हे?"

"शिकवलं होतं. पाठ आहे. कितव्या पानावर होतं तेसुद्धा सांगतो."

"पान राहू दे," नकल्या म्हणाला. "हात दाखव."

त्यानं डॉक्टरचा हात उलटापालटा करून बघितला. मग स्वतःची न वळणारी मूठ दाखवून म्हणाला की ही आत गेली तरी काही धरणार नाही, आणि शिंप्याचा पंजा फावड्याएवढा आहे. "तुझा बारीक आहे. कोपरापर्यंत साबण लाव. मी सांगतो तसं कर, आणि मोठ्यानं बोलू नकोस, बाहेर लोक आहेत."

मग आमच्या वर्गानं कधी बघितलं नव्हतं ते मी बघितलं. घोक्या पुढं आणि नकल्या मागं, जागा तीच, पण सांगणारा मागचा. मला गाईचं शेपूट धरायला दिलं होतं.

नकल्या कानाशी लागून बोलत होता. कळ थांबू दे. आता वासराचं डोकं हळूच आत लोट. भिऊ नको, लोट. आता मानेवरून खाली जा, खांदा लागेल, तिथून पायावर ये. गुडघा लागला का? डॉक्टर म्हणाला, लागला. गुडघा वर ढकल. आता खूर शोध आणि तो तळहातात झाकून घे, उघडा ओढलास तर गाईला आत फाडील. डॉक्टरचा चष्मा घसरून शेणात पडला. त्यानं डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

एकदा खूर सुटला. गाय ओरडली आणि डॉक्टरनं हात बाहेर घेतला. नाही जमत म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नकल्यानं त्याच्या पाठीवर आपला अधू हात ठेवला.

"मलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं. ती गाय गेली. ही नाही जायची. घाल हात."

दुसऱ्यांदा खूर हातात आला. दोन्ही पाय पुढं, मधे नाक, असं दिसलं तेव्हा मीच रडायला लागलो. पायांना दोरी बांधली आणि कळ आली की खालच्या बाजूला ओढायचं, थांबली की थांबायचं, असं करत करत वासरू एकदम बाहेर आलं आणि डॉक्टरच्या मांडीवर पडलं. श्वास नव्हता. नकल्यानं नाकपुडीत गवताची काडी फिरवली. वासरू शिंकलं. कालवड होती.

दार उघडलं तशी मॉनिटर आत आली. गाय वासराला चाटत होती. मॉनिटर गाईच्या मानेशी बसली आणि तिच्या गळ्यात हात टाकला.

बाहेर खळ्यावर डॉक्टरचा जयजयकार चालू झाला होता. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. शर्टाची रया गेलेली, चष्मा नाही, दंडापर्यंत रक्त. तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही. सगळं यानं सांगितलं. मी एकतीस वर्षं फायली तपासल्यात, गुरं नाहीत."

मग मॉनिटर गोठ्यातूनच म्हणाली, "दहावीतही असंच म्हणायचास. पेपर अवघड गेला, पेपर अवघड गेला. आणि यायचास पहिला."

खळ्यावर असा हशा पिकला की डॉक्टरचं पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. मी साक्ष द्यायला गेलो तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? घड्याळाचं प्रकरण ताजं होतं. डॉक्टरनं नकल्याकडे बघितलं, की तू तरी सांग. नकल्या सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं, मी नुसता बादली धरून उभा होतो.

नंतर हौदावर आम्ही तिघं हात धूत होतो. बातमी गावात पोचली होती. कुंपणाशी एक जण लंगडणारी शेळी घेऊन आणि दुसरा खोकणारा गोऱ्हा घेऊन, डॉक्टर मोकळे होण्याची वाट बघत उभे होते. डॉक्टरनं नकल्याला विचारलं की तू खोटं का बोललास.

नकल्यानं डाव्या हातानं उजवं मनगट चोळलं. "हे मी सांगितलं असं कळलं असतं तर उद्यापासून लोक परत माझ्या दारात आले असते. वर्षभर मी सगळ्यांना नाही म्हणत आलोय. जनावर डोळ्यादेखत अडलेलं असतं, काय करायचं ते मला कळत असतं, आणि हात चालत नाही. त्या वेळी काय होतं ते तुला सांगता यायचं नाही मला."

डॉक्टर कुंपणाकडे बघत राहिला. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला आणि घरी लावला. आज येत नाही म्हणाला, उद्याचंही नक्की नाही, इथं काम निघालंय. पलीकडून बायकोनं विचारलं असणार, निवृत्त माणसाला कसलं काम. तो जरा अडखळला आणि म्हणाला, "गुरं बघायचं."

तिच्या हसण्याचा आवाज फोनमधून आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू आला. थांबेचना. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. नकल्यानं ओल्या हातानंच त्याच्याकडून फोन काढून घेतला.

"वहिनी," तो म्हणाला, "हसू नका. हात चांगला आहे त्याचा."